ज्यांना बाधलं नाही

१

चर्चच्या तळघरातल्या सभागृहाचं दार उघडलं आणि शेरीफचा डेप्युटी अर्नी कोस्की याने आधी नाक दाबलं, मग टोपी काढली.

लुटफिस्कच्या पंगतीला एरवीही वास असतोच. वाळका मासा क्षाराच्या पाण्यात भिजवून लिबलिबीत करायचा आणि वर लोणी ओतून गिळायचा, हे नॉर्वेहून आलेल्या पणजोबांचं वेड स्टर्जन फोर्क गावाने दर ऑक्टोबरमध्ये इमानेइतबारे पाळलं होतं. पण आजचा वास निराळा होता. मासा, लोणी, दालचिनी आणि त्या सगळ्यावर उलटीचा आंबूस दर्प. खुर्च्या उलथ्या पडल्या होत्या. कागदी टेबलक्लॉथांवरून काहीबाही ओघळत होतं. भिंतीशी टेकून बसलेली म्हातारी माणसं बादल्यांत तोंडं खुपसून कण्हत होती. आणि त्यांच्या डोक्यावर, यंदाची पंगत आपल्या प्रचारासाठी घातलेल्या उमेदवाराचा निळा फलक झळकत होता : 'मार्लिस ट्वेट. आपली नर्स, आपली आमदार.'

कोपऱ्यात एक टेबलक्लॉथ कुणाच्या तरी अंगावर पांघरला होता. खालून बाहेर आलेले बूट अर्नीने ओळखले. लॉइड हॅगस्ट्रॉम. शाळेची बस चालवण्यात याची हयात गेली. अर्नीच्या दोन्ही पोरींची यानेच ने-आण केली होती.

मार्लिस त्या बुटांशेजारी जमिनीवरच बसली होती. बाह्या वर सरकवलेल्या, केस कपाळाला चिकटलेले.

"रुग्णवाहिका यायला किती वेळ लागला माहितीये तुला?" ती म्हणाली. "मी त्याची छाती दाबत होते, घसा मोकळा करत होते आणि दाराकडे बघत होते. आपल्या दवाखान्यातला तातडीचा विभाग चालू असता तर रस्ता ओलांडून नेला असता रे त्याला. रस्ता ओलांडून!"

अर्नीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याची बायको कारिन शेवटच्या महिन्यात अंथरुणाला खिळली, तेव्हा हीच बाई रोज दवाखान्यातली पाळी संपवून घरी येत होती, तिची कूस बदलून देत होती.

तेवढ्यात त्याला दिसलं की खांबापाशी एक तरुण मोबाइल उंच धरून उभा आहे. प्रेस्टन व्होल्क, राजधानीतून मागवलेला मार्लिसचा प्रचारप्रमुख.

"ते खाली ठेव."

"साहेब, हे राज्याने बघायला हवं."

"खाली ठेव. नाहीतर मी ठेवतो, आणि मग ते परत चालू होणार नाही."

प्रेस्टनने हात खाली घेतला. पण मोबाइलवरचा लाल ठिपका तसाच जळत राहिला, तो अर्नीच्या नजरेतून सुटला नाही.

मागच्या खोलीत लॉइडची बायको व्हर्ना हातरुमालाच्या घड्या घालत बसली होती. रडून झालं होतं.

"सगळे म्हणतायत मासा नासका होता," अर्नी हलकेच म्हणाला.

"मासा?" व्हर्नाने मान वर केली. "पन्नास वर्षं संसार केला मी त्याच्याशी. लॉइडने जन्मात कधी लुटफिस्क तोंडात घेतला नाही. आजही नाही."

२

सकाळपर्यंत चित्रफीत राज्यभर फिरली. लॉइडचं डोकं मांडीवर घेतलेली मार्लिस, तिच्या गालांवरचं पाणी, आणि खाली अक्षरं : 'आपला दवाखाना कुणी बंद केला?' लोक हळहळत होते, शेअर करत होते. मेलेल्या माणसाचा उघडा जबडा चहाबरोबर घराघरांत पोचला होता. अर्नीने ती एकदा पाहिली आणि समोरची न्याहारी तशीच बाजूला सारली.

दुसऱ्या बाजूलाही लाज नव्हती. विद्यमान आमदार डग रिटमायर, बोटी आणि बर्फगाड्या विकणारा गडगंज माणूस, त्याने दुपारच्या आत रेडिओवर जाहिरात सोडली : 'जिच्या पंगतीत ज्येष्ठांचा बळी जातो, तिच्या हातात राज्याचं आरोग्य द्यायचं?'

शेरीफच्या कचेरीने तपास अर्नीकडे सोपवला होता. तो घरोघर फिरला. फिकुटलेली माणसं सोफ्यांवर पडली होती आणि प्रत्येकाला तो एकच गोष्ट विचारत होता : काय खाल्लंस, काय प्यायलास? मासा खाल्लेल्यांपैकी कित्येक ठणठणीत होते. मांसाचे गोळे खाल्लेल्यांचंही तेच. पण ज्याने ज्याने स्वयंपाकघराच्या दारापाशी ठेवलेल्या मोठ्या पिंपातला सफरचंदाचा गरम रस प्यायला होता, तो अर्ध्या तासाच्या आत आडवा झाला होता.

पिंपाच्या तळाशी उरलेला रस त्याने तपासणीला धाडला होता. संध्याकाळी प्रयोगशाळेतल्या बाईचा फोन आला.

"जंतू नाहीत, अर्नी. औषध आहे. पूर्वी पोरांनी काही विषारी गिळलं की उलटी करवायला द्यायचे ना, ते जुनं सरबत. आता कुणी वापरत नाही. दालचिनीखाली चव दडून गेली असेल."

"त्याने माणूस मरतो?"

"धडधाकट माणूस मरत नाही. तास-दोन तास जीव नकोसा होतो, एवढंच. तुमच्या म्हाताऱ्याच्या फुप्फुसात उलटी गेली. असं का झालं, ते त्याच्या डॉक्टरला विचारा."

अर्नीने चर्चमध्ये फोन लावला. "पास्टर, तो रस आणला कुणी होता?"

पास्टर इंगा जरा घुटमळल्या. "पंगतीला देणगी म्हणून आला होता. पिंपं पोचवायला रिटमायरचा पुतण्या आला होता."

३

रिटमायरच्या दुकानात नव्याकोऱ्या बोटी आरशासारख्या चमकत होत्या. तो स्वतः एका बोटीच्या काठावर बसून चीजचे तळलेले तुकडे खात होता. त्याने पुडा अर्नीपुढे केला. अर्नीने मान हलवली.

"मी रस पाठवला, मान्य," रिटमायर म्हणाला. "विरोधकाच्या पंगतीलाही पाठवतो, कारण लोक बघतात. पण मी काय खुळा आहे? माझ्या नावाची चिठ्ठी लावलेल्या पिंपात मीच घाण कालवीन?"

"तुझा पुतण्या?"

"पिंपं सीलबंद होती. त्याने मागच्या दारात ठेवली आणि गेला. त्यातलंच एक पिंप अग्निशामक दलाच्या पोरांना दिलं होतं. जा, विचार त्यांना. एकालाही साधी ढेकर आली नाही."

अर्नीने नंतर विचारलं, ते खरं निघालं. सील चर्चच्या बायकांनीच स्वयंपाकघरात रस तापवताना फोडलं होतं, हेही खरं निघालं. म्हणजे हात आतलाच होता.

"तुला एक सांगू?" रिटमायर बोटं चाटत म्हणाला. "मी तो प्रकार केला नाही. पण झाला याचं मला वाईटही वाटत नाही. आठवड्याभरात माझी मतं वर जातील बघ."

"एक माणूस गेलाय, डग."

"म्हणून तर."

अर्नी बाहेर आला आणि त्याने गाडीच्या काचा खाली केल्या. मग व्हर्नाकडे गेला. प्रयोगशाळेतल्या बाईचा प्रश्न मनात सलत होता.

व्हर्नाने हातरुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "उन्हाळ्यात त्याला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला," ती अखेर बोलली. "डुलूथच्या मोठ्या इस्पितळात जाऊन दाखवलं. घास नीट गिळता येत नव्हता त्याला, ठसका लागायचा. गावात कुणाला कळू द्यायचं नाही म्हणाला. मार्लिसला तर अजिबातच नाही."

"मार्लिसला का नाही?"

"घरोघर तिचे फलक लावत फिरत होता ना तो. 'तिला कळलं तर मला घरी बसवील,' म्हणायचा. 'निवडणूक होऊ दे, मग सांगू.'"

४

रस न प्यायलेल्यांची विचारपूस अर्नीने शेवटी ठेवली होती. बहुतेकांचं उत्तर साधं होतं : कॉफीच प्यायलो. अर्नी मान डोलावत पुढे सरकत होता.

बेकरीत काम करणारी जोलीन मात्र बोलकी निघाली. गल्ल्यामागे उभी राहून ती पाव गुंडाळत होती.

"मी तर पेला ओठाला लावलाच होता," ती म्हणाली. "मार्लिसने हातातून काढून घेतला. म्हणाली, फार गोड आहे हे, तुला नको. आणि स्वतः पाणी आणून दिलं. किती गडबड होती तिच्यामागे, तरी लक्ष बघा!"

"गोड का नको तुला?"

जोलीनने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "कुणाला सांगू नका हं. दिवस गेलेत मला. नुकतेच. आईलासुद्धा बोलले नाहीये. फक्त मार्लिसला माहीत आहे."

"अभिनंदन," अर्नी म्हणाला. त्याने दोन पाव विकत घेतले आणि निघाला.

गस पेल्टो आपल्या अंगणात लाकडं रचत होता. गेल्या हिवाळ्यात त्याचं अर्धं जठर कापून काढलं होतं.

"मी नाही प्यायलो बाबा," गस म्हणाला. "रांगेत उभा होतो, पण मार्लिसने ढकलून बसवलं. म्हणते, तू बस म्हाताऱ्या, तुला दूध आणते. मी म्हटलं, मी काय तान्हं बाळ आहे? तर म्हणते, त्याहून वाईट!" तो पोट धरून हसला. "हसू नये खरं तर. लॉइड गेला. पण ती बाई म्हणजे..."

"होय," अर्नी म्हणाला. "ती बाई म्हणजे."

गसने लाकूड खाली ठेवलं. "काय झालं रे? चेहरा का असा पडला तुझा?"

अर्नी गाडीकडे वळला. गाडीत बसल्यावर त्याला दिसलं की हातातले दोन्ही पाव आपण मुठीत चिरडून टाकले आहेत.

५

प्रेस्टन व्होल्क मुख्य रस्त्यावरच्या प्रचारकचेरीत नव्हता. हमरस्त्यावरच्या मोटेलात, खोलीभर वायरी पसरून बसला होता. टेबलावर तरतरी आणणाऱ्या पेयाचे रिकामे डबे.

"मला पंगतीचं सगळं चित्रण हवंय," अर्नी म्हणाला. "काटछाट न केलेलं. पहिल्यापासून."

"तुम्हाला माझा संशय येतोय!" प्रेस्टन उसळला. "मी तिथलं काहीच प्यायलो नाही म्हणून? हे डबे बघा, मी हेच पितो."

"तू त्या माणसाचा जीव जाताना हात द्यायचा सोडून चित्रण करत होतास. तुझ्याबद्दल मला जे वाटतं ते सांगायला कायद्यात कलम नाही. आता लाव ते."

प्रेस्टनने लावलं. उजळ, आनंदी सभागृह. गाणी, पाठीवरच्या थापा. मार्लिस दारात उभी राहून एकेकाला मिठी मारतेय. मग पास्टर इंगांनी हात वर केले, सगळ्यांच्या माना खाली गेल्या, प्रार्थना सुरू झाली. मधल्या टेबलाच्या टोकाला मार्लिसची खुर्ची रिकामी होती. प्रार्थना संपता संपता ती स्वयंपाकघराच्या दारातून ॲप्रनला हात पुसत बाहेर आली.

"थांबव. मागे घे. पुन्हा." अर्नीने ते तीनदा पाहिलं. "आता पुढे."

पोरांचं टेबल. एक मुलगा पेला घेऊन पिंपाकडे निघालेला. मार्लिसने त्याला हसत हसत उलटं वळवलं आणि दुधाचा जग दाखवला. मग पास्टर इंगांची नव्वदीची आई, जिच्या छातीत यंत्र बसवलेलं आहे. तिच्या पुढ्यातला वाफाळता पेला मार्लिसने अलगद उचलला, आणि वाकून कानात काहीतरी बोलून तिथे कॉफी ठेवली. अजून कुणीही ओकलेलं नव्हतं. कुणाच्या पोटात साधं ढवळलंही नव्हतं.

मग लॉइड दिसला. दूर, दुसऱ्या टोकाला, फलक लावून दमलेला. एका हातात रसाचा एक पेला, दुसऱ्या हातात दुसरा. मार्लिसने त्याला पाहिलं. लांबूनच हात हलवला. हसली.

"तुम्ही काय शोधताय?" प्रेस्टनने विचारलं.

"सापडलं," अर्नी म्हणाला. त्याने चित्रणाची प्रत मागून घेतली.

६

मार्लिसची प्रचारकचेरी बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात होती. दुपारचं ऊन काचेतून येत होतं. ती एकटीच पत्रकांचे गठ्ठे बांधत बसली होती.

"ये ना," ती म्हणाली. "कॉफी घेशील?"

"नको." त्याने तिच्यासमोर खुर्ची ओढली. "मार्लिस, मला पंगतीतल्या त्या विषाचं एक नवल वाटतं. ते फार दयाळू होतं."

ती थांबली.

"गावातल्या निम्म्या माणसांना त्याने लोळवलं. पण जोलीनला शिवलं नाही. अर्ध्या जठराच्या गसला शिवलं नाही. पास्टरच्या आईला नाही, एकाही पोराला नाही. ज्यांना झेपलं नसतं, नेमकं त्यांनाच ते चुकवून गेलं. रिटमायरला काय ठाऊक कुणाच्या पोटात काय आहे? तो पोरगा प्रेस्टन, त्याला तर गावातल्या माणसांची नावंही येत नाहीत. जोलीनचं गुपित तिच्या आईलाही माहीत नाही. ते गावात एकाच माणसाला माहीत होतं."

"मी नर्स आहे," ती म्हणाली. "लोकांची काळजी घेणं..."

"एकही माणूस आजारी पडायच्या आधी? आणि सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा तू एकटी स्वयंपाकघरात काय करत होतीस?"

"मला... कॉफी बघायची होती."

"बरं. मग मला फक्त एवढंच सांग. इतक्या जणांना वगळलंस, लॉइडला का नाही वगळलंस?"

"त्याने मला सांगितलंच नव्हतं!" ती ओरडली.

मग तिलाच ऐकू आलं, आपण काय बोललो ते. तिने तोंडावर हात ठेवला. बाहेर कुणीतरी काचेतून हात हलवून गेलं. तिने सवयीने परत हात हलवला.

"दवाखान्याचा बालविभाग बंद केला तेव्हा कपाटं मी आवरली होती," ती म्हणाली. आवाज सपाट होता, पाळी बदलताना पेशंटची हकिगत सांगावी तसा. "बाटल्या टाकून द्यायच्या होत्या. नाही टाकल्या. मी वर्षभर दारोदार जाऊन सांगतेय, अर्नी, इथे काही झालं तर तुम्ही मराल. लोक कुकी देतात आणि म्हणतात, हो हो, मार्लिस. कुणाला खरंच वाटत नव्हतं. म्हटलं, एकदा कळू दे. दोन तास पोट धरून पडतील, रुग्णवाहिकेची वाट बघतील, बरे होतील. आणि मतदानाच्या दिवशी त्यांना आठवेल."

"आणि पिंपावर रिटमायरचं नाव होतं."

"ते आयतंच मिळालं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर किंचित, अगदी किंचित, समाधान तरळून गेलं.

इतका वेळ अर्नीला वाटत होतं की आपल्याला तिची कीव येईल. कारिनला अंघोळ घालणारे हेच हात. ते समोर टेबलावर होते, स्वच्छ, नखं कापलेली. त्याला ते बघवेनात.

"तू त्याचं डोकं मांडीवर घेतलंस. रडलीस. आणि ते तुझ्या प्रचारात लावलंस."

"रडणं खरं होतं."

"तेच जास्त घाण आहे, मार्लिस."

तिने मान खाली घातली. क्षणभराने वर पाहिलं तेव्हा ती पुन्हा उमेदवार झाली होती. "मतदानाला थोडेच दिवस राहिलेत. तोपर्यंत थांब. मग मी स्वतः येईन, वचन देते. मी पडले तर दवाखाना कायमचा जाईल, मग किती लॉइड मरतील याचा विचार कर."

"तुझं बरोबर असेल," अर्नी उठत म्हणाला. "दवाखाना हवाच. पण माणसं म्हणजे तुझं प्रात्यक्षिक नव्हेत. कोट घाल. बाहेर थंडी आहे."

७

मतपत्रिका छापून झाल्या होत्या, त्यामुळे तिचं नाव तसंच राहिलं. ती तुरुंगात असताना स्टर्जन फोर्कमधल्या पुष्कळ लोकांनी तिलाच मत दिलं. काहींना तिने विष कालवलं हे खरंच वाटलं नाही. काहींना खरं वाटलं, आणि तरीही त्यांनी दिलं. "तिने वाईट केलं, पण आपल्यासाठी केलं," असं गस पेल्टो उघड म्हणाला. अर्नीने त्याच्या घरी जाणं सोडलं. व्हर्ना मतदानाला गेलीच नाही. बाकीच्या गावांनी रिटमायरला भरघोस मतांनी पुन्हा निवडून दिलं आणि पहिल्याच भाषणात त्याने सांगितलं की एवढ्याशा गावाला दवाखाना परवडत नाही.

प्रेस्टन व्होल्कला दुसऱ्या राज्यात दुसरा उमेदवार मिळाला, असं कानावर आलं.

निकालानंतर रिटमायर शेरीफच्या कचेरीत पेढे वाटावेत तसे केकचे डबे घेऊन आला. मागोमाग छायाचित्रकार. अर्नीच्या टेबलापाशी येऊन त्याने हात पुढे केला.

"तुझे उपकार मी विसरणार नाही, कोस्की. माझ्यासाठी जे केलंस..."

"तुझ्यासाठी नाही केलं," अर्नी म्हणाला. "लॉइडसाठी केलं."

रिटमायरने छायाचित्रकाराकडे बघून हसू तसंच धरून ठेवलं आणि मान जरा वाकवून हळूच विचारलं :

"लॉइड कोण?"

अर्नीने त्या पुढे आलेल्या हाताकडे पाहिलं. मग तो उठला, कचेरीचं दार सताड उघडलं, आणि पुन्हा निवडून आलेला आमदार बाहेर जाईपर्यंत ते धरून उभा राहिला.